उभ्या उसाची अट

१

रंगनाथदादांचा ऊस शनिवारी भर दुपारी पेटला. पोलीस पाटील राजेश्वरी बांधावर पोचली तेव्हा काळी दांडकी तेवढी उभी होती. विझवायला धावलेले लोक घाम पुसत होते, कुणी खोकत होतं, आणि पाटीलबाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा: हे मोनिकानं केलं असेल तर किती बरं होईल!

पोलीस पाटलानं असा विचार करू नये, हे तिलाही कळत होतं. पण त्याला कारण होतं, आणि ते कारण कांदेपोह्यांचं होतं. राजेश्वरीचा नवरा कल्याण तिला पाहायला येण्याआधी मोनिकाला पाहून आला होता. मोनिकाच्या माणसांनी नकार दिला. राजेश्वरी आणि मोनिका एका वर्गातल्या, एका बाकावरच्या, त्यामुळे हे सगळं साग्रसंगीत कळलेलं. संसाराला वीस वर्षं होत आली, मुलं शिकायला पुण्याला गेली, तरी घरात पोहे झाले की कल्याण एक घास खाऊन कुठंतरी लांब बघायचा आणि म्हणायचा, "त्या पोह्यांवर लिंबू पिळलं हुतं." कुठल्या पोह्यांवर, हे राजेश्वरीनं कधी विचारलं नाही.

आणि आता हे रान. रान मोनिकाचं, पण रंगनाथदादांकडे गहाण पडलेलं. मोनिकाच्या सासऱ्यानं ते गहाण दिलं तेव्हा कोरडवाहू होतं. अट अशी, की पैसे फेडून रान सोडवायचं ते फक्त गुढीपाडव्याच्या दिवशी, आणि तेही रानात उभं पीक नसेल तरच. त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. आपल्याकडे जमिनीचे सगळे व्यवहार पाडव्यालाच सुटतात, आणि बाजरीचं रान त्या दिवशी रिकामंच असतं. सासरा सही करून मोकळा झाला. मग रंगनाथदादांनी कालव्यावरून पाईपलाईन आणली आणि त्याच रानात ऊस लावला. तोड घ्यायची ती पाडवा उलटल्यावर, फॅक्टरी बंद व्हायच्या तोंडाला. तोडलेल्या बुडख्यातून खोडवा फुटायचा आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा डोक्यावर ऊस. सासरा वाट बघून वारला. त्याच्यामागं मोनिका दर पाडव्याला पैसे घेऊन यायची, उभा ऊस बघायची आणि पैसे तसेच घेऊन परत जायची.

रंगनाथदादा शनिशिंगणापूरहून तसेच थेट रानात आले. कपाळावर शनीचा काळा टिळा, हातात तेलाची रिकामी बाटली. दर शनिवारी ते शिंगणापूरला जातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"ताई, कोन जाळनार दुसरं? मोनिकाच. रान रिकामं करायला जाळलं," ते म्हणाले. "पर कागदात आनखी एक अट हाय, ती इसरली जनू. कर्जदारानं पिकाची नासधूस केली, तर सोडवायचा हक्कच संपला. रान कायमचं माजं. तुमी फकस्त रिपोर्टात तिचं नाव घाला."

जळका ऊस वाळतो, वजन घटतं, म्हणून फॅक्टरी त्याला आधी तोड देते. म्हणजे आठवड्यावर आलेल्या पाडव्याला रान खरोखरच रिकामं असणार होतं. मोनिकाचं नाव लागलं तर तिचं रान कायमचं जाणार. नाही लागलं तर ती ते सोडवणार आणि रोज इथं येणार. आणि या रानाच्या बांधाला लागून, वीतभरही जागा न सोडता, राजेश्वरीचा आणि कल्याणचा गहू उभा होता.

"बघते," राजेश्वरी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच गोड वाटला.

रानाला फेरी मारताना तिला दोन गोष्टी दिसल्या. ठिबकच्या नळ्या आगीआधीच रानातून ओढून, नीट गुंडाळून बांधावर ठेवल्या होत्या. आणि रानाच्या चारी कडांचं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, आत लोटून बांध स्वच्छ झाडलेला होता. मातीवर खराट्याच्या कमानी उमटल्या होत्या, एकीला लागून एक, अंगण झाडल्यासारख्या.

"नळ्या तेवढ्या वाचल्या," रंगनाथदादा हात जोडून म्हणाले. "शनिदेवाची कृपा."

२

संध्याकाळी कल्याणनं गव्हाची एक ओंबी हातावर चोळली आणि फुंकर मारली.

"बांध झाडला हुता म्हनून आपला गहू वाचला. न्हाईतर एका ठिणगीचं काम. रंगनाथदादाचं आन आपलं बांधावरनं भांडान. तो कशाला आपला गहू वाचवंल?"

"मग कुणी वाचवला?"

"ज्यानं जाळला त्यानंच. लोक म्हनत्यात मोनिकानं जाळला." कल्याण थांबला आणि मग जे बोलू नये तेच बोलला. "तसं आसंल तर तिचं मन बघ. सोताच्या अडचनीतबी तिला आपल्या गव्हाची काळजी."

राजेश्वरीनं तव्यावरची भाकरी उलटली ती इतक्या जोरात, की तिचे दोन तुकडे झाले. स्वतःच्या पिकाची राखण केल्याबद्दल या माणसानं तिला कधी शाबासकी दिल्याचं आठवत नव्हतं. तिनं मनातल्या मनात रिपोर्ट लिहून टाकला. मोनिकाच. दुसरं कोण असणार?

सकाळी ती गनीभाईंकडे गेली. फाट्यावर त्यांचं टायर पंक्चरचं दुकान होतं आणि तिथून रानाकडे जाणारी वाट सरळ नजरेसमोर होती.

"शनिवारी कोण गेलं होतं तिकडं, गनीभाई?"

"मोनिकाताईंची स्कूटी बघितली ना. बारा-साडेबाराला आल्या, लिंबाखाली थांबल्या, थोड्या वेळानं गेल्या. आग त्याच्या बऱ्याच नंतरची."

राजेश्वरीला गनीभाईंना चहा पाजावासा वाटला. "एकट्याच होत्या?"

गनीभाईंनी टायर पाण्यात बुडवला आणि बुडबुड्यांकडे बघत राहिले.

"ताई, तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. राग मानू नका. लिंबाखाली त्यांच्याशी बोलत कल्याणभाऊ उभे होते."

३

देवळाली प्रवऱ्याच्या बाजारपेठेत मोनिकाचं ब्यूटी पार्लर होतं. नवरा सुनील नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, आठवड्यातून एकदा घरी. राजेश्वरी आत शिरली तेव्हा मोनिका आरशासमोर कुणाच्या तरी भुवया कोरत होती. तिनं गिऱ्हाईक वाटेला लावलं आणि स्टूल पुढं केलं.

"बस, राजे. तू येणार हे माहीत होतं."

राजेश्वरी तिच्याकडे बघत बसली. चाळिशीला टेकलेली बाई, पण मान कशी, केस कसे! आणि हात! राजेश्वरीनं ते हात डोळ्यांत तेल घालून बघितले. बोटं लोण्यासारखी, नखं रंगवलेली, मनगटापासून कोपरापर्यंत साधा ओरखडा नाही. आपले हात तिनं पदराखाली घेतले.

"शनिवारी रानात कशाला गेली होतीस?"

"बघायला. छबूबाई मागच्या बाजारात भेटल्या होत्या. म्हणाल्या, या पाडव्याला पैसे घेऊनच ये, विसरू नको. मला वाटलं, दादांनी यंदा लवकर तोड घेतली असेल. जाऊन बघते तर ऊस उभाच."

छबूबाई म्हणजे रंगनाथदादांची बायको.

"आणि तिथं कोण भेटलं?" राजेश्वरीनं विचारलं.

"कल्याणभाऊ. म्हणाले, ऊस उभा हाय, यंदाबी हेलपाटा पडंल. एवढंच. मी निघाले तेव्हा ना आग होती ना धूर." मग ती जवळ सरकली. "राजे, वकील म्हणतात ही अट कोर्टात टिकत नाही. गहाण टाकणाऱ्याला जमीन सोडवूच देणार नाही, असा करार चालतच नाही म्हणे. पण कोर्टात किती वर्षं जातील सांग. सासरे वाट बघून गेले. मला हाच पाडवा पाहिजे. माझ्यावर आळ आला तर गावात तोंड कसं दाखवू?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रडतानाही चांगली दिसत होती, आणि राजेश्वरीला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

बाहेर आल्यावर मात्र तिच्या डोक्यात एकच किडा वळवळू लागला. कल्याण तिथं होता आणि घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. मोनिकाच्या भल्यासाठी त्यानंच तर काडी लावली नसेल?

४

रंगनाथदादांच्या ओसरीवर तिला गादीवर बसवण्यात आलं. दादा खुशीत होते. रानात तोड चालू होती, पण त्याचं त्यांना फारसं दुःख दिसेना.

"तिचं वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "दर पाडव्याला यायची बिचारी. मी देवळालीहून पेढं आनून ठेवायचो. म्हनायचो, बस, च्या घे, घाई काय हाय? पदर सारखा करून बसायची, हळू आवाजात बोलायची. लई नीटस बाई. डोळ्यात पानी आलं की मलाच गलबलायचं. मग म्हनायचो, पुढल्या पाडव्याला बघू."

बोलता बोलता दादा ओसरीच्या पायरीकडे बघून हसले. अगदी तेच हसू ती वीस वर्षं पोह्यांच्या बशीपलीकडे बघत आली होती.

त्याच वेळी छबूबाई चहा घेऊन आल्या. राजेश्वरीचा कप त्यांनी हळू ठेवला. नवऱ्याचा असा आदळला, की अर्धा चहा बशीत आला.

"काकू, शनिवारी तुम्ही कुठं होतात?" राजेश्वरीनं विचारलं.

"मी कुठं आसनार? घरात," छबूबाई म्हणाल्या. "ह्यांनी मला रानात जाऊ दिलंय कवा? आपली बायको रानात राबली तर ह्यांचं नाक कापलं जातं."

उन्हाच्या झळा ओसरीपर्यंत येत होत्या. दादा नुसत्या बंडीवर बसले होते. छबूबाईंनी मात्र लुगड्यावर पुरुषी सदरा चढवला होता, खुरपायला जाणाऱ्या बाया घालतात तसा, आणि त्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून बटणं लावली होती.

"रिपोर्ट लिहिला का, ताई?" दादांनी विचारलं. "पाडव्याच्या आधी लिवा म्हंजे झालं."

ट्रे घेऊन आत निघालेल्या छबूबाई उंबऱ्यातच थांबल्या. ते फक्त राजेश्वरीनं बघितलं.

५

घरी आल्यावर तिनं आधी कल्याणला धारेवर धरलं. कल्याणनं एका झटक्यात कबूल केलं. "भेटलो हुतो. दोन शब्द बोललो. तुला सांगितलं आसतं तर तू आठ दिस जेवायला घातलं नसतंस."

"आणि बांध कुणी झाडला?"

"मी? खराट्यानं?" कल्याणचा चेहरा इतका खरोखरीचा चकित झाला, की तिचा संशय तिथंच मेला. या माणसानं जन्मात खराटा हातात धरला नव्हता. पाचट ओढायची वेळ आली तर इथला कुठलाही पुरुष लोखंडी दात्यांचं दाताळं घेतो आणि सरळ रेघा ओढतो. बांध अंगणासारखा कमानी काढून झाडायचा हात हा बाईचाच, आणि तोही रोज मोठं अंगण झाडणाऱ्या बाईचा.

राजेश्वरी पायरीवर बसून राहिली. बाईचा हात म्हटल्यावर तिचं मन पुन्हा मोनिकाकडे धावलं. तिला तसंच हवं होतं. पण ते लोण्यासारखे हात डोळ्यांपुढून हलेनात. उसाच्या पाल्याला करवतीसारखी धार असते, देठाला बारीक कुसळं असतात. चार कडांचं पाचट झाडून काढणाऱ्या बाईचे हात आठ दिवस तरी सोललेले राहणार. मोनिकाचं मनगट तिनं मत्सरानं इंच इंच तपासलं होतं. एखाद्या हवालदारानंही इतकं बघितलं नसतं, आणि त्यावर काहीच नव्हतं.

शिवाय नळ्या. दुसऱ्याच्या रानाला आग लावणारा त्याच्या ठिबकच्या नळ्या कशाला वाचवील? नळ्या वाचवणारं माणूस त्याच घरचं. दादा स्वतः? पण दादांना ऊस उभाच हवा होता. तो उभा होता तोवर मोनिका येत राहणार होती. हक्क संपवायला त्यांनी जाळला म्हणावं, तर ते शिंगणापुरात होते. दुसऱ्याकडून करवलं म्हणावं, तर बांधावरच्या वैऱ्याचा गहू वाचवायला त्यांनी कशाला सांगितलं असतं?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. ऊस उभा असताना, आगीचं नावही नसताना, छबूबाई बाजारात मोनिकाला सांगत होत्या की यंदा पैसे घेऊनच ये. रान रिकामं होणार हे त्यांना आधीच कसं कळलं?

पण नवऱ्याचा ऊस बायको का जाळेल? दुसऱ्या कुठल्या पोलीस पाटलाला हे कोडं सुटलं नसतं. राजेश्वरीला ते आदळलेल्या कपातच सुटलं होतं, फक्त मान्य करायचं नव्हतं.

मान्य करायचं नाही, तर सोपं होतं. गप्प बसायचं. मोनिकाचं नाव लिहायचं. बांधापलीकडे कायम दादांचा ऊस राहील आणि कल्याण ओंब्या चोळत कुणाचं मन बघत बसणार नाही. तिनं कागद पुढं ओढला आणि मोनिकाचं नाव लिहिलं. मग रान गहाण टाकणाऱ्या तिच्या सासऱ्याचं नाव लिहायला गेली, आणि वाट बघून वारलेला तो म्हातारा आठवला. तिनं कागद टराटरा फाडला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी छबूबाई विहिरीवर एकट्या होत्या. राजेश्वरी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काकू, बाह्या वर करा."

६

छबूबाईंनी बाह्या वर केल्या. कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे, त्यावर हळद लावलेली.

"गड्याला तरी सांगायचं होतं," राजेश्वरी म्हणाली.

"गड्याला काय सांगू? नवरा दर पाडव्याला पहाटं उठून दाढी करतो, इस्तरीचं कापडं घालतो, कुनाची तरी वाट बघत ओसरीवर बसतो, आसं सांगू? माज्या हातचा कवा पेढा खाल्ला न्हाई. ऊस मला लई आवडायचा गं. पर त्यानं त्यो ऊस तिच्यासाठी उभा ठिवला. दरसाल तोड पुढं ढकलायचा, कशासाठी? तिनं यावं, रडावं, आन ह्यानं म्हनावं, पुढल्या पाडव्याला बघू." त्यांनी डोळे पुसले. "म्हनलं, एकदाचं रान मोकळं करावं. तिचं रान तिला जाऊ दे आन माजी ओसरी मला राहू दे. तुमचा गहू उभा हुता, दान्याला आग कशी लावू? म्हनून मागच्या वाटेनं जाऊन आदी झाडून घेतलं."

"पण तिच्यावर आळ येईल, हे नाही सुचलं?"

"ती तिसरी अट मला म्हाईतच नव्हती. बायकांना कागद कोन दाखवतं? आता समजलं तवापासनं घास उतरंना. तिचं रान गेलं तर ती वरसातनं एकदा न्हाई, रोज यील. पाया पडंल, रडंल. आन ह्यो माफ करायला बसलेलाच हाय."

राजेश्वरीला हसू आलं आणि रडूही. या बाईचं सगळं दुःख ओळखीचं होतं, अगदी कोपऱ्याकोपऱ्यासकट.

"मी तुमचं नाव घेणार नाही," ती म्हणाली. "पण तिचंही घेणार नाही. दादा ऐकले नाहीत, तर काय करायचं ते तुम्ही ठरवा."

७

पाडव्याला दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या. रंगनाथदादांच्या ओसरीवर मोनिका पैशांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. साक्षीला गनीभाई आले होते, आणि कोणी न बोलावता कल्याणही. दादा इस्त्रीच्या कपड्यांत होते. समोर पेढे होते.

"रान रिकामं झालं, खरं," दादा म्हणाले. "पर तिसरी अट..."

"रिपोर्टात मोनिकाचं नाव नाही," राजेश्वरी म्हणाली आणि एकेक करून सगळं मांडलं. मोनिकाच्या हातांवर ओरखडा नाही. ती गेली तेव्हा धूर नव्हता, याला गनीभाई साक्षी आहेत. नळ्या गुंडाळणारं माणूस बाहेरचं नसतं. बांध झाडणाऱ्याला शेजाऱ्याच्या दाण्याची कळकळ होती. "दादा, आग घरातल्या हातानं लागली. घरच्यानं स्वतःचं पीक जाळलं तर कर्जदाराचा हक्क बुडत नाही. आणि या अटी कोर्टात टिकायच्या नाहीत, ते वेगळंच. बाजरीच्या रानाची अट तुम्ही उसावर चढवली."

"घरातल्या? कोनाच्या?" दादा उठून उभे राहिले. "माज्या घरात कोन हाय आसं?"

छबूबाई दारातून पुढं आल्या. सदरा काढून आल्या होत्या, हात उघडे होते.

"मी हाय."

दादांनी ते हात बघितले. "का?"

"पेढं तुमी कोनासाठी आनता, ते ईचारा सोताला," छबूबाई म्हणाल्या. मोठ्यानं नाही, पण ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं.

दादा मोनिकाकडे बघायला गेले आणि मध्येच नजर खाली घातली. मोनिका पदर तोंडाला लावून बसली होती. दर पाडव्याच्या त्या चहाचा अर्थ तिला आत्ता कळत होता. शेवटी दादांनी हात पुढं केला, पिशवी घेतली आणि न मोजता बायकोकडे दिली.

"रान सुटलं," ते म्हणाले. "कचेरी उघडली की कागद करून देतो."

मोनिकानं अंगणात राजेश्वरीला मिठी मारली. "आता आपण शेजारणी, राजे," ती म्हणाली आणि रडली. तिच्या केसांना चांगला वास येत होता. राजेश्वरीनं तिच्या पाठीवर थोपटलं, जितकं जमलं तितकं.

सगळे गेल्यावर छबूबाई जवळ आल्या. "माज्या दारातली गेली, आन तुज्या बांधावर आली. तुला हे म्हाईत हुतं न्हवं? मंग कशाला गं सोडवलंस?"

"रान तिचं हाय, काकू," राजेश्वरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोनिका रान नांगरायला ट्रॅक्टर घेऊन येणार होती. नऊच्या आत कधी अंथरूण न सोडणारा कल्याण सात वाजताच अंघोळ करून बाहेर आला आणि आरशात बघून भांग पाडू लागला.

"गव्हाकडं जाऊन येतो जरा," तो म्हणाला.

राजेश्वरीनं चूल विझवली, पायांत चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं आणि त्याच्या पुढं चालू लागली.